साहेब, नारळ तुम्हीच फोडा

खंडेनवमीला भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जा, सकाळपासून एकच गडबड असते. मशीनवरची चिप, म्हणजे धातूचा कीस, काढायची, कूलंटचे डाग घासायचे, डिझेलच्या फडक्यानं बेड पुसायचा, मग कंट्रोल पॅनलला हळदकुंकवाचं बोट, स्पिंडलला झेंडूची माळ, आणि पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज सगळे ओळीनं मांडलेले. मला हा दिवस आवडतो हे आधीच सांगून टाकतो, वर्षभर ज्या मशीनला माणसं शिव्या घालतात तिला एक दिवस तरी आंघोळ मिळते. आणि तरी सलग अकरा वर्षं मी त्या दिवशी शॉपवर नव्हतो. कधी कस्टमरकडे व्हिजिट काढली, कधी पोट बिघडलं, एकदा तर सासऱ्यांना ॲडमिट केलंय म्हणून सांगितलं, सासरे तेव्हा नगरला पिशवी घेऊन मेथी आणायला गेले होते.

कारण एवढंच की आमच्याकडे नारळ फोडायचा मान सगळ्यात सिनियर माणसाला असतो आणि क्वालिटीचा हेड झाल्यापासून तो मान माझ्यावर आला होता. "साहेब, नारळ तुम्हीच फोडा." आता मी ख्रिस्ती माणूस. फोडलेल्या नारळाचं खोबरं खायला माझी काही ना नाही, देवापुढे ठेवलेलं खावं की खाऊ नये यावर बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात चांगलं लांबलचक लिहिलंय आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्याच्यावरून आजही दोन तट आहेत, एक खातो एक खात नाही, मी खाणाऱ्यांतला. पण स्वतः पुढे होऊन मशीनला हात जोडायचे आणि नारळ वाढवायचा, हे माझ्याच्यानं मनापासून होणार नाही. बायबलच्या दहा आज्ञांतल्या पहिल्या आज्ञेचा प्रश्न येतो, माझ्याशिवाय दुसरे देव नकोत. कुणाला हा बाऊ वाटेल, वाटू दे.

पण गंमत बघा, ती आज्ञा मोडू नये म्हणून मी दरवर्षी एक थाप मारत होतो. खोटी साक्ष देऊ नको हीसुद्धा त्याच दहातली आहे की! म्हणजे एक आज्ञा वाचवायला दुसरी मोडायची, वर स्वतःला समजवायचं की आपण कुणाला दुखवत नाही, आपण समजूतदार आहोत.

ऑफिसात, कारखान्यात, कॉलेजात, हॉस्पिटलात काम करणाऱ्या ख्रिस्ती माणसानं आपला विश्वास उघडपणे सांगावा का, आणि सांगायचा तर त्याला धाडस कुठून आणायचं, हा विषय आमच्याकडे उपदेशात नेहमी येतो. पाळक सांगतात साक्ष द्या, दिवा धान्याच्या मापाखाली लपवू नका, दिवठणीवर ठेवा. आम्ही मान डोलावतो आणि सोमवारी परत मापाखाली. मला वाटतं गोंधळ धाडसाचा नाहीये, धाडस कशासाठी पाहिजे याचा आहे. बहुतेकांना वाटतं धाडस म्हणजे प्रचार, म्हणजे लंच टेबलवर बायबल काढायचं, आजारी सहकाऱ्याच्या उशाशी धर्माची पत्रकं ठेवायची, रात्री साडेअकराला ग्रुपवर वचन टाकायचं. हे ज्याला जमत नाही तो स्वतःला भित्रा समजतो, आणि ज्याला जमतं त्याला समोरचा टाळायला लागतो हे त्याला कळत नाही. मी म्हणतो प्रचार बाजूला राहू दे, आधी लपवणं बंद करा. त्यालाच जास्त धाडस लागतं, कारण प्रचार करणारा माणूस एकदा बोलून मोकळा होतो, न लपवणाऱ्याला त्याच टीमबरोबर उद्या परत काम करायचं असतं.

लपवणं मराठी ख्रिस्ती माणसाला फार सोपं जातं ही आमची खास अडचण. वसईचा, गोव्याचा माणूस असेल तर डिसोझा, परेरा, लोपीस हे आडनावच बोलतं, त्याला लपायला जागाच नाही. आमच्याकडे नगर, जालना, सोलापूर, मिरज, कोल्हापूर या भागातल्या लोकांची आडनावं गायकवाड, साळवे, शिंदे, कांबळे, जाधव. नावं सुहास, प्रवीण, वैशाली. भाषा तर तुमच्यापेक्षा गावठी. नाताळला आमच्या घरी करंज्या, शंकरपाळी, चकल्या असतात, केक आपला शेजाऱ्यांनी अपेक्षा ठेवली म्हणून बेकरीतून आणायचा. त्यामुळे आम्ही सांगितल्याशिवाय कळतच नाही, आणि कळलं की ठरलेलं वाक्य, "अरे, तुम्ही तर वाटत नाही!" काय वाटायला पाहिजे होतं देव जाणे. मग पुढचा प्रश्न, "म्हणजे ओरिजिनल कोण तुम्ही?" या प्रश्नात जात विचारलेली असते आणि विचारणाऱ्याला ते माहीत असतं. पाव विहिरीत टाकून गावं बाटवली ती गोष्ट तर प्रत्येकाला पाठ असते, आम्हाला ती पाव खाता खाता ऐकवली जाते.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं काय झालं होतं? येशूला पकडून नेलंय, आत चौकशी चाललीय, हा बाहेर अंगणात शेकोटीपाशी बसलाय. त्याला कुणी सैनिकानं तलवार लावून विचारलं नव्हतं, आधी विचारलं एका दासीनं. "तूही त्याच्याबरोबर होतास ना?" हा म्हणतो मी नव्हे. शेवटी लोक म्हणतात, अरे तुझ्या बोलीवरूनच कळतंय. गालीलची बोली त्याला लपवता आली नाही. आमची बोली मात्र आम्हाला छान लपवते. आणि त्या गोष्टीतला दम तिथेच आहे, माणूस सिंहापुढे नाकारत नाही, शेकोटीपाशी गप्पा मारताना नाकारतो. आमची शेकोटी म्हणजे चहाची टपरी. तिथे कुणी गळा पकडत नाही, कुणीतरी सहज म्हणतं "हे मिशनरी लोक पैसे देऊन माणसं फोडतात राव" आणि आपण ग्लासात बघत बसतो.

आता यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो चुकीचा नाही. कामाच्या जागी धर्म आणायचाच कशाला? तुझी श्रद्धा तुझ्या घरी, इथे पार्ट बरोबर बनव आणि जा. मला हे तत्त्व म्हणून मान्य असतं, जर ते सगळ्यांना लागू असतं तर. पण आपल्याकडे कामाच्या जागा तशा नाहीतच. नवीन मशीन आलं की पूजा, नवीन शेडला सत्यनारायण, गणपतीत दीड दिवस रिसेप्शनमध्ये आरती, सरकारी कचेरीत टेबलाच्या काचेखाली देवाचे फोटो. याच्याबद्दल माझी तक्रार नाही, हे मी खरंच म्हणतोय, माणूस आपला देव घरी खुंटीला टांगून कामाला येत नाही आणि येऊही नये. पण मग "इथे धर्म नको" हे फक्त दहातल्या नवव्या-दहाव्या माणसालाच का ऐकायला लागतं? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या आसपास होते, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही, दहा म्हणणंही जास्तच झालं. त्या एकानं आरतीला टाळ्या वाजवाव्यात आणि स्वतःचं काही बोलू नये, याला निधर्मी वातावरण म्हणत नाहीत, याला संख्या म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. तुम्ही लोक "सांगता" म्हणजे शेवटी धर्मांतरच करायचं असतं ना? इथं थोडं कायद्याचं बोलायला पाहिजे. घटनेच्या २५व्या कलमात धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. हा "प्रसार" शब्द घालायचा की नाही यावर घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये चांगली वादावादी झाली, लोकनाथ मिश्रांसारख्यांनी कडक विरोध केला. पुढे अर्थमंत्री झालेले टी. टी. कृष्णम्माचारी तेव्हा बाजूनं बोलले, आणि त्यांनी स्वतःचं उदाहरण दिलं की मी १४ वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, मला कुणी बाटवायचा प्रयत्न केला नाही. शब्द राहिला. मग १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याची मर्यादा आखली, आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं म्हणजे प्रसार, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा काही मूलभूत हक्क नाही. आमच्यातले बरेच जण या निकालावर नाराज असतात. आणि तो आला जबरदस्तीनं, आमिषानं, फसवून धर्मांतर करण्याविरुद्धच्या राज्यांच्या कायद्यांवरून, जे पुढे कसे नि कुणावर वापरले गेले हा वेगळा नि कडू विषय आहे. पण कामाच्या जागेपुरतं बोलायचं तर मला ती रेघ अगदीच वाईट वाटत नाही. मी सांगू शकतो, कुणाचं मन फिरवणं माझ्या हातात नाही. ख्रिस्ती शिकवणही वेगळं काय सांगते, अंतःकरण बदलायचं काम पवित्र आत्म्याचं, माझं नव्हे. आणि हेही खरं की कलम २५ दाखवून खाजगी कंपनीच्या एचआरशी भांडता येईलच असं नाही, ते हक्क मुख्यतः सरकारसमोरचे, कंपनी आपले नियम करते.

तर रेघ कुठे? माझ्यापुरती मी ती पंडिता रमाबाईंच्या एका जुन्या भांडणावरून शिकलो. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्यात आणलं. पैसे अमेरिकेतल्या मदतनीस मंडळाचे, सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, भांडारकर असे मोठे सुधारक, आणि शब्द दिलेला की संस्थेत धर्म शिकवला जाणार नाही, मुलींनी आपापला धर्म पाळावा. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. झालं, पुण्यात आग लागली. केसरीनं झोडपलं, सल्लागार म्हणाले मुलींना बसू देऊ नका, रमाबाई म्हणाल्या मी कुणाला बोलवत नाही पण माझं दार मी बंद करणार नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या प्रकरणात मी कितीदा तरी बाजू बदललीय. आधी वाटायचं रमाबाई शंभर टक्के बरोबर, स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायला काय कुणाची परवानगी काढायची? एका बाईला, तीही स्वतः विधवा, स्वतःच्या विश्वासाचं दार लावून घे म्हणणारे हे कोण? आजही दाराच्या बाबतीत मी रमाबाईंच्याच बाजूचा आहे. येशूनं खोलीत जाऊन दार लाव म्हटलंय खरं, पण ते चौकात उभं राहून लोकांनी बघावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून आहे, समाजाच्या भीतीनं दार लावणाऱ्यांना नाही. पण वय वाढलं, हाताखाली माणसं आली, तसं मला सल्लागारांचंही थोडं कळायला लागलं. ती मुलगी बारा-पंधरा वर्षांची विधवा, सासरनं टाकलेली, माहेराला नको झालेली, जेवते रमाबाईंच्या घरी, शिकते रमाबाईंच्या कृपेनं. ती त्या उघड्या दारातून आत येते ती मनानं येते की मिंधेपणानं, हे बाहेरून कसं कळणार? कदाचित पूर्ण मनानं येत असेल, सर्वच मुलींना दूधखुळ्या समजणंही अपमानच आहे. पण कळायला मार्ग नाही हे खरं, आणि संशय आला तो त्या फटीतून. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते मग उघड ख्रिस्ती म्हणूनच, ते मला जास्त सरळ वाटतं, येणाऱ्याला दाराबाहेरच माहीत.

म्हणून माझा नियम असा झाला. ज्याची भाकरी माझ्या हातात आहे त्याच्याकडे मी येशूचा विषय काढत नाही. माझ्या हाताखाली नऊ इन्स्पेक्टर आहेत, त्यातले चार कॉन्ट्रॅक्टवर, दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन परत घ्यायचं की नाही हे माझ्या सहीवर ठरतं. त्या पोरानं माझ्या प्रार्थनेला आमेन म्हटलं तर ते देवाला की अटेंडन्स शीटला? त्यानं आपणहून विचारलं तर सांगीन, थोडक्यात सांगीन आणि विषय बदलीन. बरोबरीच्या माणसाशी मात्र मोकळं बोलावं, तो "गप बस रे" म्हणू शकतो. आणि वरच्याशी तर बोलावंच, कारण खरं धाडस तिथे लागतं आणि तिथेच आपली बोबडी वळते. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. एमडीसमोर आपण अगदी सर्वधर्मसमभाव असतो, आणि ट्रेनी पोराला, हाउसकीपिंगच्या मावशीला, आयसीयूतल्या पेशंटला गाठून साक्ष देतो. एका मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला मी ओळखतो, आमच्याच लोकांतला, तो ज्युनियरच्या अप्रेझलच्या आधी त्याच्यासाठी केबिनमध्ये प्रार्थना करायचा, डोळे मिटून, खांद्यावर हात ठेवून, मनात कपट अजिबात नाही. मंडळीत त्याची वाहवा व्हायची, किती निर्भय. मला त्या ज्युनियरचा चेहरा दिसतो, एक डोळा अर्धवट उघडा, हात कुठे ठेवायचे कळत नाहीत. त्या केबिनमध्ये निर्भय व्हायची गरज कुणाला होती? भीती होती ती दुसऱ्या खुर्चीत.

डॉक्टर, नर्स, शिक्षक यांच्यासाठी तर हा नियम मी आणखी घट्ट करीन. मिशन हॉस्पिटलं याच महाराष्ट्रात उभी राहिली, मिरजेत वॉन्लेस साहेबांनी १८९० च्या दशकात सुरू केलेलं हॉस्पिटल घ्या, आजूबाजूच्या किती पिढ्यांचे डोळे नि पोटं तिथे बरी झाली. तिथे प्रार्थना व्हायच्या, पण पाटी बाहेर होती, येणारा जाणून यायचा. आजचा ख्रिस्ती डॉक्टर दुसऱ्याच्या हॉस्पिटलात नोकरी करतो, पेशंट आडवा पडलेला आहे, सलाइन लागलंय. त्यानं विचारलं "डॉक्टर, माझ्यासाठी प्रार्थना कराल का" तर जरूर करा, नाही विचारलं तर मनात करा, मनातल्या प्रार्थनेला कुठल्याच हॉस्पिटलाची पॉलिसी आडवी येत नाही.

इथे एका गोष्टीवर मला गप्प बसायचं नाहीये. धाडस करा धाडस करा असं सरसकट सांगणारे आमचे वक्ते विसरतात की सगळ्यांना धाडसाची किंमत सारखी पडत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजूनही बाहेर. म्हणजे गावकुसाबाहेरचा माणूस ख्रिस्ती झाला तर गाव त्याला तसंच वागवतं पण कागद म्हणतो तुझी जात संपली. त्यामुळे कितीतरी घरांत रविवारी उपासना आणि दाखल्यावर वेगळं काहीतरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं ही घटनेशी लबाडी आहे. कायद्याच्या भाषेत ठीक असेल. पण त्या भाषेत तो क्लार्क कुठे आहे ज्याच्या एका वाक्यानं त्याची नोकरी, पोरीची ॲडमिशन, सगळंच जाऊ शकतं? त्याला मी कोण सांगणार की दिवा दिवठणीवर ठेव. माझी नोकरी ओपनमधून, खाजगी कंपनीत, घर स्वतःचं. माझं फार तर काय जाईल, टपरीवरचे दोन मित्र. जो वाचलेला आहे त्यानं आधी बोलावं आणि ज्याचं सगळं पणाला आहे त्याला भित्रा म्हणू नये, एवढं तरी आम्ही पाळावं. भाड्याच्या घराचंही तसंच, "प्रार्थनेला लोक येतात का तुमच्याकडे" असं ॲग्रीमेंटच्या आधी विचारणारे मालक मी स्वतः ऐकलेत.

बरं, बोलायचं ठरवलं तर बोलायचं काय आणि कशात, हाही एक घोळ आहे. आमच्या तरुण पोरांचा विश्वास सगळा इंग्रजीतून चालतो, लिंक्डइनवर प्रमोशन झालं की "ब्लेस्ड", तळाशी वचन, तेही इंग्रजीत. ब्लेस्ड तर काय आता सगळेच असतात, बिटकॉइनवालेसुद्धा. ज्या समाजात फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ओव्यांत ख्रिस्ताचं पुराण छापलं, जिथे नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेऊनही अभंग सोडला नाही, त्या समाजाच्या पोराला येशूबद्दल दोन मराठी वाक्यं धड बोलता येऊ नयेत? २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे आलं तेव्हा विरोध झाला, धमकीचे फोन झाले. ते वसईत हिरवाईसाठी लढलेले, बायबलचं सुबोध मराठी केलेलं, आणि आपण धर्मगुरू असल्याचं त्यांनी कधी झाकलं नाही. विरोध करणाऱ्यांची पंचाईत ही झाली की माणूस त्यांच्याइतकाच मराठी बोलत होता, किंबहुना जास्तच. मराठीत बोललं की "हे बाहेरचं" म्हणायला जागा कमी राहते.

माझी सुरुवात एकदम साध्या गोष्टीनं झाली. गुड फ्रायडेला आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी टाकतं, "हॅपी गुड फ्रायडे सर", सोबत फुलांचा गुच्छ. माणूस चांगल्या मनानं टाकतो, मी दरवर्षी अंगठा दाखवायचो. एका वर्षी लिहिलं, "थँक्यू, पण आजचा दिवस आमच्याकडे दुःखाचा असतो, येशूला क्रूसावर दिलं तो दिवस, दुपारी बारा ते तीन आम्ही चर्चमध्ये बसून त्यानं क्रूसावरून काढलेले सात उद्गार ऐकतो, त्यातला एक मारणाऱ्यांना क्षमा कर असा आहे." पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. दहा मिनिटं ग्रुपवर शांतता. मग मेंटेनन्सच्या माणसाचा फोन, "साहेब सॉरी हां, मग त्याला गुड का म्हणतात?" या प्रश्नाला आमच्या मंडळीत उपदेश लागतो, मी त्याला कॉम्प्रेसरच्या आवाजात चार वाक्यांत सांगितलं. तो "असंय होय" म्हणाला आणि मग व्हॉल्व्हचं बोलला. बस. पण खरं सांगतो, वीस वर्षांत मी कुणाला येशूबद्दल बोललो ते पहिल्यांदा.

आणि मग खंडेनवमी आली. या वेळी पोट बिघडवलं नाही. आदल्या दिवशीच आमच्या जुन्या ऑपरेटरला, वयानं माझ्यापेक्षा मोठे, दरवर्षी वारीला जाणारे, बाजूला घेऊन सांगितलं की मामा, मी ख्रिस्ती, मला पूजा करता येत नाही, उभा राहीन, पेढे वाटीन, पण नारळ तुम्ही फोडा. मी चांगलं पंधरा मिनिटांचं भाषण मनात तयार ठेवलं होतं. मामा म्हणाले, "मग आधी सांगायचं ना साहेब, दरवर्षी आम्ही तुमची वाट बघत मुहूर्त घालवायचो." अकरा वर्षं!

सगळीकडे असं होत नाही हे मला माहीत आहे, कुठे कुठे बदली होते, कुणाला "कन्व्हर्जनवाला" म्हणून नाव पडतं. माझ्याबाबतीत मात्र कळलं की मला त्या लोकांची भीती वाटतच नव्हती. भीती दुसरीच होती, ती मला तीन महिन्यांनी सापडली. एक लॉट होता, बोअर मायनसमध्ये, म्हणजे भोक मापापेक्षा लहान, नो-गो गेज आत जात होता असा नाही पण जो आत जायलाच पाहिजे तो गो गेज अडकत होता, रात्री डिस्पॅच, कस्टमरची लाइन थांबायची वेळ, आणि वरून निरोप की रिपोर्ट ओके करून टाक, फिटमेंटला बसेल. असे रिपोर्ट मी आधी केले नाहीत असं सांगितलं तर तीच खोटी साक्ष परत. पेन घेतलं तर माझाच इन्स्पेक्टर, सत्तावीस वर्षांचा पोरगा, अगदी सहज म्हणाला, "सर, तुम्ही तर रविवारी चर्चला जाता ना?" टोमणा नव्हता हो तो, त्याला खरंच माहिती पाहिजे होती की असल्या वेळी आमच्यात काय करतात.

तेव्हा लक्षात आलं मी इतकी वर्षं काय जपत होतो. ख्रिस्ती आहे हे कुणाला माहीतच नसेल तर ख्रिस्ती म्हणून कुणी जाब विचारणार नाही. मापाखाली दिवा ठेवायची ही खरी सोय आहे, लोक दिवा विझवतील म्हणून नव्हे, त्या उजेडात आपणच दिसू म्हणून. सही केली नाही. लॉट सॉर्ट केला, रात्री अडीचपर्यंत, शिव्या खाल्ल्या, अप्रेझलला त्याचा हिशोब झाला. हे सांगताना मला काही मोठेपणा वाटत नाही कारण तो पोरगा शेजारी उभा नसता तर मी काय केलं असतं याची मला खात्री नाही.

यंदा गुड फ्रायडेची रजा टाकताना पोर्टलवर कारणाच्या खान्यात नेहमीसारखं "पर्सनल" न लिहिता मराठीत "उपासना" असं टाइप केलं. अर्ध्या तासात एचआरमधल्या नवीन मुलीचा फोन.

"सर, उपासना मुलगी का तुमची? काही सिरियस नाही ना?"

मी तिला सगळं सांगितलं, क्रूस, सात उद्गार, बारा ते तीन. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सर, तीन तासांसाठी फुल डे कशाला घालवताय, हाफ डे टाका की."

हाफ डे टाकला.